आषाढात एक उत्तर, श्रावणात दुसरं : प्रश्नावली टाकून देऊ का?

शेवंती

मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय घोळ कळायचा नाही.

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय पोषण. प्रबंधासाठी हर्णै ते दाभोळ पट्ट्यातल्या गावांत घरोघर जाऊन बायकांच्या पोटात मासळी किती जाते ते मोजते आहे. साधन म्हणजे खाद्य वारंवारता प्रश्नावली. 'गेल्या पंधरा दिवसांत तुम्ही मासे किती वेळा खाल्लेत?' असा प्रश्न आणि पुढे सहा पर्याय, 'एकदाही नाही'पासून 'रोज'पर्यंत. त्याखाली कुठले मासे, किती तुकड्या वगैरे.

मुख्य सर्व्हेच्या आधी चाळीस बायकांवर पायलट केला. आषाढी एकादशीनंतरच्या आठवड्यात एकदा विचारलं, आणि नारळी पौर्णिमा झाल्या झाल्या त्याच बायकांना तेच प्रश्न परत. पुनर्चाचणीचा, म्हणजे दोन्ही वेळच्या उत्तरांचा, सहसंबंध आला ०.४१; तो १ च्या जितका जवळ तितका चांगला. गाईड म्हणाले, "साधन विश्वसनीय नाही. नवीन करून आणा, आणि क्रोनबाख अल्फा ०.७ च्या वर दाखवा." (अल्फा म्हणजे प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती मेळ खातात त्याचा आकडा.) भर पावसात शेवाळलेल्या पाखाड्या चढून भरलेले फॉर्म आहेत हो ते. खरंच टाकून द्यायचे?

मास्तर_गुहागर

बाळ, तुझे गाईड बरोबर बोलतायत. बी.एड.ला मी हे पंचवीस वर्षं शिकवलं. विश्वसनीयता म्हणजे सातत्य: त्याच माणसाला तेच साधन पुन्हा लावलं तर तेच उत्तर यायला हवं. सप्रमाणता म्हणजे जे मोजायचं ठरवलं तेच मोजलं जातंय का. आमच्या शाळेतलं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असायचं. रोज दहाच मिनिटं, म्हणून विश्वसनीय. पण वेळ चुकीची, म्हणून सप्रमाण नाही. विश्वसनीयता असून सप्रमाणता नसेल असं होऊ शकतं, उलट मात्र होत नाही. तुझी पहिली पायरीच ढासळली आहे. पंधरा दिवसांच्या अंतराने परत चाचणी घे, प्रश्न सोपे कर.

करली

गो बाय, श्रावणात तू मासे इचारूक गेलंस? आणि वर म्हणतस उत्तर बदलला? उत्तर नाय बदलला, पंचांग बदलला.

चाकरमानी_अंधेरी

करलीने एका ओळीत जे सांगितलं ते मी चार परिच्छेदांत सांगणार आहे, सवयीचा दोष. (औषधांच्या चाचण्यांची आकडेमोड करून पोट भरतो. गाव दापोलीजवळच.)

पुनर्चाचणीच्या पोटात एक गृहीत असतं: दोन मोजण्यांच्या मध्ये मोजायची गोष्ट स्वतः बदललेली नाही. उंची मोजताना ते चालतं. शेवंती, तुझ्या पाच आठवड्यांत दोन मोठ्या गोष्टी बदलल्या. ३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपली, म्हणजे मासळी बाजारात आली. आणि श्रावण लागला, म्हणजे अर्ध्या घरांतून मासळी बाहेर गेली. एकाच पायलटमध्ये काहींचं खाणं वाढलं, काहींचं शून्यावर आलं. प्रश्नावली अगदी देवाने लिहिलेली असती तरी सहसंबंध कोसळलाच असता.

दुसरं, मास्तर, थोडं धाडस करून बोलतो. 'साधन विश्वसनीय आहे' हे वाक्यच मला अर्धवट वाटतं. विश्वसनीयता त्या साधनाने त्या लोकांकडून मिळालेल्या आकड्यांची असते. सूत्र साधं आहे: खऱ्या फरकांचं प्रसरण (आकडे किती विखुरलेत त्याचं माप) भागिले एकूण प्रसरण. समजा मोजणीतल्या चुकांचं प्रसरण १ आहे. शेतकरी, मच्छीमार, शाकाहारी अशी मिसळ घेतली आणि बायकाबायकांतल्या खऱ्या फरकाचं प्रसरण ४ निघालं, तर विश्वसनीयता ४ भागिले ५, म्हणजे ०.८०. आता तीच प्रश्नावली घेऊन फक्त बंदरावरच्या घरांत जा. तिथे सगळ्याच जवळपास रोज मासे खातात, खरा फरक कमी, प्रसरण समजा १. उत्तर १ भागिले २, म्हणजे ०.५०. प्रश्नावलीतलं एक अक्षर बदललं नाही, कुणी जास्त विसरलं नाही, तरी आकडा घसरला.

म्हणून माझी विनंती: ०.४१ हा एकच आकडा बघत बसू नकोस. श्रावण पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या बायका वेगळ्या काढ आणि मग सांग. फॉर्म टाकायचे नाहीत!

सोनचाफा

विषय सोडून विचारते, राग मानू नये. हर्णैला सोडे सध्या काय भावाने आहेत? गेल्या खेपेला ओलसर निघाले.

सिस्टर_निवृत्त

सोनचाफा, सोडे विकत घेताना मुठीत दाबून बघ, मऊ लागले तर घेऊ नकोस. आता मूळ विषय.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रांत चौतीस वर्षं नोकरी केली. रक्तदाब घेताना दंड टेकवलेला नसला, पट्टा दंडाला लहान पडला, की आकडा वर जातो. तीनदा घेतला तर तीनदा वरच येतो. चुकीत सातत्य असलं की माणसाला खात्री वाटायला लागते, हा त्यातला धोका. माहेरवाशीण गोळ्या घेऊन सासरी जायची आणि तिचा दंड जाड होता एवढीच गोष्ट असायची.

तुला तीन प्रश्न. कुठल्या वारी गेलीस? आपल्याकडे सोम-गुरु-शनि घरं वेगळी असतात, बुध-शुक्र-रवि वेगळी. पंधरा दिवसांचं विचारलंस म्हणून वारांचा हिशेब बरोबर बसतो असं समजू नकोस. बाई कालचं आठवते आणि त्यालाच गुणते. दुसरं, उत्तर देताना शेजारी कोण होतं? श्रावणात सासूसमोर 'परवा बांगडा खाल्ला' असं कुठली सून सांगेल? आणि तिसरं, दोन्ही खेपांना तूच गेलीस का दुसरं कुणी?

शेवंती

सिस्टर, तिसऱ्या प्रश्नाने पकडलंत. पहिल्या फेरीला मी आणि माझी मैत्रीण, दुसऱ्या फेरीला मी एकटी. आणि हो, बहुतेक घरांत पडवीतच बसले, तिथे सगळेच असतात. वार लिहून ठेवले नाहीत. तारखा आहेत, त्यावरून काढते.

चाकरमानी म्हणाले तसं काल रात्री वेगळं केलं. चाळीसपैकी तेवीस बायका श्रावण पाळणाऱ्या. त्यांतल्या एकोणीस जणींचं दुसऱ्या वेळचं उत्तर 'एकदाही नाही'. म्हणजे त्या गटात बघायला काही उरलंच नाही. उरलेल्या सतरा, त्यांतल्या बऱ्याचशा मोहल्ल्यातल्या आणि थोड्या बंदरावरच्या, श्रावण न पाळणाऱ्या. त्यांच्यात सहसंबंध ०.८३!! मी तर नाचलेच. पण मग नीट बघितलं तर दोन्ही वेळा हुबेहूब तोच पर्याय सांगणाऱ्या फक्त तीन. बाकी जवळजवळ सगळ्या एकेक पायरी वर गेल्यात. हे चांगलं की वाईट?

चाकरमानी_अंधेरी

दोन्ही. आणि हे प्रत्यक्ष बघायला मिळालं म्हणून तू नशीबवान आहेस.

मासळी बाजारात एक काटा घे जो नेहमी पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो. त्याच्यावर वीस मासे तोल, मग खऱ्या काट्यावर तेच वीस तोल. दोन्ही रांगांचा सहसंबंध पूर्ण १ येईल. तरी गिऱ्हाईक दर वेळी फसणार. सहसंबंध एवढंच सांगतो की क्रम राखला गेला का: जास्त खाणारी जास्तच राहिली का. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात का, हा वेगळा प्रश्न. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हेच ठासून मांडलं, दोन मोजणी-पद्धतींची तुलना सहसंबंधाने करू नका म्हणून. तरी आजही अर्ध्या प्रबंधांत तेच असतं.

तुझे सहा पर्याय चढत्या क्रमाचे आहेत, तेव्हा भारित कप्पा काढ; कप्पा म्हणजे दोन्ही वेळची उत्तरं योगायोगापेक्षा किती जास्त जुळतात त्याचं माप. जेकब कोहेनने साधा कप्पा १९६० मध्ये दिला आणि भारित १९६८ मध्ये. एका पायरीचा फरक आणि चार पायऱ्यांचा फरक त्यात सारखा धरला जात नाही. पण तुझ्या या सतरा जणींत जवळजवळ सगळ्या एकेक पायरी वर गेल्या, ते चूक नव्हे. बोटी समुद्रात गेल्या म्हणून त्या वर गेल्या. प्रश्नावलीने हंगाम पकडला. हे तिच्या बाजूचं आहे.

मास्तर_गुहागर

हे मला पटलं, मोकळेपणाने कबूल करतो. पण अल्फाचं काय? तो तर एकाच फेरीत निघतो, हंगामाचा संबंध नाही. क्रोनबाखने १९५१ साली दिला, सगळं जग वापरतं. ०.७ काढून दाखवायला काय हरकत आहे?

चाकरमानी_अंधेरी

हरकत अशी की इथे तो लागूच पडत नाही. एकाच आतल्या गोष्टीकडे बोट दाखवणारे बरेच प्रश्न असतात तेव्हा अल्फा कामाचा. 'झोप लागत नाही', 'कशात मन लागत नाही', 'थकल्यासारखं वाटतं', हे तीन प्रश्न एकमेकांबरोबर वरखाली व्हायला हवेत, कारण तिघांच्या मागे एकच मन आहे. सुरमई आणि सुकट यांच्या मागे काय एक आहे? सुरमई परवडत नाही त्या आठवड्यात सुकट जास्त. एक वर तर दुसरी खाली. अशा प्रश्नांचा अल्फा कमी आला तर प्रश्नावली बिघडलेली नसते, घरखर्च नीट चाललेला असतो.

आणि ०.७ हा आकडा काही वेदवाक्य नाही. नन्नली या मानसशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्याला तेवढा चालेल असं म्हटलं. जिथे एखाद्या माणसाबद्दल निर्णय घ्यायचा तिथे त्यानेच ०.९ हा किमान मानला होता. लोकांनी मधलं सगळं गाळून ०.७ तेवढा ठेवला. शिवाय तो वाढवणं सोपं आहे. दहा प्रश्न, त्यांचा आपसातला सरासरी सहसंबंध ०.१९, अल्फा ०.७०. तीस प्रश्न करा, आपसातला सहसंबंध निम्म्याच्या आसपास, ०.१० वर येऊ द्या, तरी अल्फा ०.७७. प्रश्न पातळ झाले आणि आकडा फुगला. कालवणात पाणी घालून पातेलं भरण्यातला प्रकार.

बागायतदार_देवगड

मध्येच बोलतो. आमच्याकडे पॅकिंगला दोन माणसं हापूस वेगळा करतात. रंग, वजन, देठाजवळची उंची. दोघांची पारख शंभरातल्या पंचाण्णव फळांना जुळते. कापल्यावर आत साका, म्हणजे बिघडलेला गर. तो बाहेरून दिसतच नाही. दोघांचं एकमत होतं, पण ते सालीबद्दल. एवढंच.

करली

बागायतदारान बरोबर जाग्यार बोट ठेवल्यान. आता माझा ऐका. तुम्ही सगळे दोन दिवस आकड्यांत बुडल्यात, पण एक साधा इचारतंय.

शेवंती, तुझो प्रश्न 'मासे किती वेळा खाल्ले' असोच आसा मा? मगे बंदीत आमच्याकडे कोणाक पण इचार. ती सांगतली, 'खंयचे मासे, बंदी आसा.' आणि तिच्या चुलीर सुकटाची किसमूर असतली. सुक्याक मासे कोण म्हणतत? सुक्या ता सुक्या. तिसऱ्यो, कालवां, कुर्ल्यो, ह्यो पण मासे नाय. पावसाच्या पयल्या पाण्यात पोरां व्हाळातून चढणीचे मासे धरतत, ते विकत घेतलेले नाय, मगे ते पण कोण मोजूचा नाय. मासे म्हणजे बाजारातून हाडलेले ताजे. तुमच्या रत्नांगिरीकडे वेगळा असात तर सांग.

शेवंती

...

वेगळं नाही. माझी आईसुद्धा म्हणते, "आज मासे नाहीत, सुके बोंबील केलेत."

सिस्टर_निवृत्त

अगं बाई. मीही इतकी वर्षं तक्ते भरले आणि हे डोक्यात आलं नाही.

चाकरमानी_अंधेरी

करली, नमस्कार घ्या. मी सरळ सरळ चुकलो, कारण मी पूर्ण वेळ गुणांकाशी झटत राहिलो. समजा शेवंतीने दोन्ही फेऱ्या आषाढातच, दहा दिवसांच्या अंतराने घेतल्या असत्या. सगळ्या बायकांनी दोन्ही वेळा 'नाही' किंवा 'एकदा' सांगितलं असतं, कप्पा ०.९ आला असता, गाईड खूश, प्रबंध मंजूर. आणि निष्कर्ष निघाला असता की बंदीच्या काळात किनाऱ्यावरच्या बायकांना मासळी मिळत नाही. सुकट मोजलीच नाही, म्हणून. सुकवताना पाणी उडतं आणि प्रथिनं उरतात. मूठभर सुकट म्हणजे तेवढ्याच वजनाचा ओला जवळा नव्हे. सर्वांत मोठा हिस्साच हिशेबाबाहेर. शेवंती, ०.४१ आला म्हणून तू इथे आलीस. बरं झालं.

ही झाली आशयाची सप्रमाणता. त्यासाठीही सूत्र आहे, लॉशेचं, १९७५ चं: तज्ज्ञांना प्रत्येक प्रश्न 'आवश्यक' आहे का विचारायचं आणि निम्म्यापेक्षा जास्त किती म्हणतात ते बघायचं. पण दहा प्राध्यापकांना बसवलं असतं तर दहाही जण 'मासे' या शब्दाला 'आवश्यक' म्हणाले असते. यादीत कुठला प्रश्न राहिलाय ते हे सूत्र सांगत नाही. तिथे मासळीची पाटी घेऊन बसणारी बाई तज्ज्ञ.

अंतराबद्दल एक दाखला देतो, गाईडना दाखवायला. वॉल्टर विलेट आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांवर आहाराची प्रश्नावली तपासली. ६१ पदार्थ, १७३ बायका. प्रश्नावली दोनदा, साधारण एक वर्षाच्या अंतराने, आणि त्या वर्षात प्रत्येकीकडून चार वेळा आठवडाभराच्या जेवणाच्या नोंदी. म्हणजे परत विचारलं ते त्याच ऋतूत. आणि प्रश्नावलीची तुलना नुसती स्वतःशी न करता ताटातल्या नोंदींशी केली. तुला वर्ष थांबता येणार नाही, पण नोंदींचं करता येईल.

मास्तर_गुहागर

मग प्रश्न असा हवा: 'गेल्या वर्षभरात सरासरी किती वेळा?' म्हणजे ऋतूचा झगडा मिटला.

सिस्टर_निवृत्त

मास्तर, वर्षाची सरासरी कुणाला काढता येते? मला माझी नाही काढता येत. ती चालू महिन्याचंच सांगेल आणि वर्षाच्या नावावर खपेल.

शेवंती

सगळ्यांची आभारी आहे. चार दिवस गप्प होते कारण परत गावात गेले होते. पायलटमधल्याच सहा घरांत. या वेळी प्रश्न विचारले नाहीत, दुपारी चुलीपाशी बसले आणि 'काल सकाळपासून काय काय रांधलं' ते सांगायला लावलं. फॉर्मवर जिच्यापुढे 'एकदाही नाही' होतं त्या एका घरात फळीवर सुक्या बांगड्यांची माळ आणि डब्यात सोडे. 'हे खाता की' म्हटलं तर हसल्या. "अगं तू मासे विचारलेस ना?"

आता असं ठरवलं आहे. 'मासे' हा शब्द वरच्या प्रश्नातून काढला. त्याऐवजी नावं: बांगडा, तारली, मांदेली, बोंबील ओला आणि सुका वेगळे, सुकट, सोडे, खारवलेलं जे काही असेल ते, तिसऱ्या, कालवं, चिंबोऱ्या, नदीचे मासे. नावं गावागावात बदलतात, म्हणून फोटो दाखवणार. काळ तीन: बंदीचे दोन महिने, श्रावण, आणि नारळी पौर्णिमेनंतरचा हंगाम, प्रत्येकाचं वेगळं उत्तर. प्रमाणासाठी वाटी आणि तुकडी दोन्ही लिहायचं. माझ्या वाटीचं माप आणि त्यांच्या वाटीचं माप जुळत नव्हतं, तेव्हा घरातलीच वाटी मापून घेणार. पंधरा बायकांकडे तीन वेगवेगळ्या वारी जाऊन चोवीस तासांचं जेवण विचारणार, त्यात एक सोम-गुरु-शनिपैकी. पुनर्चाचणी हंगाम लागल्यावर, भाद्रपदात गौरी-गणपती आटोपल्यावर. (आमच्या काही वाड्यांत गौरीला तिखटाचा, म्हणजे सामिष, नैवेद्य असतो, तो आठवडा मोजणीत आला तर परत सगळं वाकडं.) पितृपक्षाचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

गाईडना विलेट यांचा लेख दिला. म्हणाले, "अल्फा?" मी सुरमई-सुकटीची गोष्ट सांगितली. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "लिहून आण, बघू." ते मूळचे घाटावरचे, पण सुकट आवडते त्यांना.

जुने फॉर्म टाकले नाहीत. पद्धतीच्या प्रकरणात जाणार आहेत, ०.४१ सकट.

सोनचाफा

सोडे मिळाले. कडक आहेत. सिस्टर, थँक्यू!

करली

बरा केलंस. एकच रवला. बारकी पोरां आणि म्हातारी माणसां तुकडी खायत नाय, काट्याक भियतत. नुसतो रस्सो भातार घेऊन जेवतत. ता मासे खाल्ले की नाय खाल्ले?

शेवंती

अरे देवा. त्याला रकानाच नाही.

माझ्या यादीतल्या तीन आज्या तशाच जेवतात बहुतेक. दोघींच्या पुढे मी 'रोज' लिहिलंय आणि एकीच्या पुढे 'एकदाही नाही'. उद्या परत जाते.